व्यासपीठावर गेलेली चिठ्ठी

माझं अक्षर चांगलं होतं, आणि त्या अक्षरानंच माझा घात केला. शाळेत सुविचाराचा फळा माझ्याकडे, वाचनालयाच्या नोटिसा माझ्याकडे. सोलापुरात आमच्या पेठेतल्या वाचनालयानं साहित्य मेळावा भरवायला सुरुवात केली तेव्हा पाहुण्यांची निमंत्रणंही आपसूक माझ्याकडेच आली. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. मी सव्वीस वर्षांची प्राथमिक शिक्षिका होते आणि स्वतःला लेखिका समजत होते. पुण्याच्या एका मासिकाकडून दोन कथा 'साभार परत' आल्या होत्या, तरी समजत होते.

त्या वर्षी दोन वक्ते ठरले. एक त्याच मासिकाचे संपादक. दुसरी आमच्या गल्लीच्या टोकाला कडक भाकऱ्या करून विकणारी बाई, जिला सगळे अक्का म्हणत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अक्का पोराच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर काहीबाही लिहीत बसायची. एकदा मी ते मागून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचून काढलं. शुद्धलेखनाचा पत्ता नव्हता, पण माझ्या दोन्ही कथांत मिळून नव्हतं एवढं त्या चार पानांत होतं. हे मला तिथंच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तिच्या घरात कानडी, शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी अक्षरं तिनं पोरांच्या पाटीवरून उचललेली. त्यामुळे मनातल्या मनात वाचणं तिला ठाऊकच नव्हतं. वर्तमानपत्र असो की वाण्याची यादी, ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं.

'भाकरीवाली काय बोलणार?' असं कमिटीतले दोघं-तिघं म्हणालेच. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले आणि जिंकले. खरं सांगायचं तर मला तिच्यापेक्षा माझ्या त्या भांडणाचंच कौतुक जास्त होतं.

निमंत्रण द्यायला गेले तेव्हा अक्कानं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि दारातच ते वाचायला घेतलं. 'आदरणीय' या शब्दावर बोट थांबलं.

"ह्ये मला व्हय?"

"तुम्हालाच."

तिनं पुढचं सगळं वाचलं, कागद चौकोनी घडी घालून डब्यात ठेवला. मग म्हणाली, "बाई, एक गोष्ट हाय माझ्याकडं. सांगितली तर पुरती सांगायची हाय. लोकं मदीच उटून जातील का?"

"कुणी उठणार नाही. पुरती ऐकतील. ते माझ्याकडे लागलं."

असं मी म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

मेळावा शाळेच्या पटांगणात होता. मांडव, सतरंज्या, कर्णे, व्यासपीठावर चार खुर्च्या. संपादक आधी बोलणार होते, अक्का नंतर. पण पुण्याची गाडी लेट झाली. स्टेशनवर गेलेला माणूस सायकलवर येऊन सांगून गेला की निदान तासभर तरी पाहुणे येत नाहीत. मांडवात दोनशे माणसं येऊन बसलेली. अध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या बाईंना उभं करा की."

मी अक्काला सांगितलं, "तुम्ही आत्ताच सुरू करा."

"म्हंजे माझी येळ आत्ता?"

"हो," मी म्हणाले. पाहुणे आले की थांबावं लागेल, हे सांगायचं मी टाळलं. उगाच घाबरेल, अशी मनाची समजूत घालून टाळलं.

अक्का माईकपासून हातभर लांब उभी राहिली. कुणीतरी पुढं सरका म्हणून ओरडलं, लोक हसले. मग तिनं सुरुवात केली आणि हसणं बंद झालं. गोष्ट दुष्काळाच्या सालातली होती. अक्कलकोटकडच्या एका गावातली बाई खडी फोडायला रोज दुष्काळी कामावर जाते. हजेरी लागली तरच पोरांना खायला सरकारी सुकडी मिळते. एक दिवस पहाटे उठून बघते तर आजारी सासू हालत नाही. हाक मारते, हात लावून बघते. घरात दुसरं मोठं माणूस नाही, नवरा लांब कुठंतरी कामाला गेलेला. गावाला सांगितलं तर हजेरी बुडते. बाई सासूच्या अंगावर घोंगडी ओढते, पोरांना म्हणते, आजीला झोपू द्या, हाका मारू नका. आणि टोपली उचलून कामावर जाते.

मांडवात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. बिड्या वळणाऱ्या बायका मागच्या बाजूला उभ्या होत्या, त्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावलेला मला दिसला.

तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. मी धावत गेले. संपादक उतरले, घामेजलेले, वैतागलेले. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या पिशवीत माझी तिसरी कथा होती, स्वच्छ अक्षरात उतरवून काढलेली.

मी अध्यक्षांना चिठ्ठी पाठवली, 'पाहुणे आले.' हेडमास्तर अक्काकडे बघत ऐकत बसले होते. त्यांनी चिठ्ठी न बघताच पाण्याच्या पेल्याखाली सारली. पाच मिनिटं गेली. संपादकांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मी दुसरी चिठ्ठी लिहिली, आणि ती शब्दन् शब्द मला आजही पाठ आहे: 'प्रमुख पाहुणे खोळंबले आहेत. त्या बाईंना आता थांबवा. नुसता वेळ काढण्यासाठी त्यांना उभं केलं होतं.'

आमच्या मेळाव्याची एक पद्धत होती. श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, अध्यक्षांनी ते वक्त्याकडे सरकवायचे, वक्त्यानं मोठ्यानं वाचून उत्तर द्यायचं. अक्काला मीच हे समजावून सांगितलं होतं. हेडमास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आलेली चिठ्ठी त्यांनी प्रश्नाची समजून तशीच अक्काच्या हातात दिली.

ती गोष्टीत होती. दिवसभर खडी फोडून झाली होती, बाई घराकडे निघाली होती. अक्का थांबली, चिठ्ठी उलगडली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मी मांडवाच्या खांबाशी उभी होते. ओरडले असते तर तिला ऐकू गेलं असतं. मी ओरडले नाही.

कर्ण्यातून साऱ्या पेठेला ऐकू गेलं. 'थांबवा' पाशी आवाज जरा बारीक झाला, पण हाती घेतलेलं पुरतं वाचायची तिची सवय, म्हणून शेवटची ओळही तिनं वाचली. 'नुसता वेळ काढण्यासाठी' हे शब्द तिनं दोनदा वाचले, पहिल्यांदा नीट लागले नाहीत म्हणून.

पुढं कुणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तर उठून उभे राहिले, "हे कुणी लिहिलं? कोण आहे तो चावट?" म्हणून गरजले. मागं बसलेल्या कॉलेजच्या पोरांवर त्यांचा संशय गेला, आणि एकाला त्यांनी मांडवाबाहेर काढलं. मी तेही बघत उभी राहिले.

अक्का चिठ्ठीकडेच बघत होती. मग तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. ते अक्षर तिनं आधी वाचलेलंच होतं. माईकवर ती एवढंच म्हणाली, "नाव न्हाय घातलेलं," आणि नमस्कार करून खाली उतरली. लोक "पुढं काय झालं?" म्हणून विचारत होते. ती चपला घालून फाटकातून गेली.

संपादकांना सोलापुरी चादर आणि नारळ देऊन आम्ही सत्कार केला. ते 'साहित्य आणि सामान्य माणूस' यावर बोलले, चांगलं बोलले असावेत. निघताना मी माझी कथा त्यांच्या हातात दिली. होय, त्याच संध्याकाळी. ती महिन्याभरात परत आली. न्याय झाला म्हणून हे सांगत नाही, छापून आली असती तरी मी तेवढीच नीच ठरले असते.

आठ दिवस मी दुसऱ्या गल्लीनं शाळेत गेले. नवव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, तिच्याकडे गेले. अक्का भाकरी थापत होती. तिनं पाट सरकवला, "बसा बाई." मी बसले. माफी मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून निघालं भलतंच.

"अक्का, त्या बाईचं पुढं काय झालं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"घरी आली. पोरं म्हनली, आजी दुपारी पानी मागत हुती. तू हाका मारू नका म्हनलीस, म्हनून आमी जवळ गेलो न्हाय."

मग तिनंच सांगितलं, "ती बाई मीच की. चार मान्सांत एकदा सांगून टाकावं वाटलं हुतं. म्हातारी मेली समजून गेले हुते, ह्ये घरात बी कुनाला ठावं न्हाय. आता न्हाय सांगत कुटं."

"अक्का, ती चिठ्ठी..."

"नगा सांगू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. भाकरी उलटताना तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "सांगून तुमाला मोकळं वाटंल. मला न्हाय ऐकायचं."

मी उठले आणि घरी आले.