आत्तामावशी

कॅनडातल्या व्हिटबीच्या माझ्या घरमालकीण मावशी दिवसभर कुणाशी तरी बोलत असत, आणि घरात दुसरं कुणीच नसे. मी खाली बेसमेंटमध्ये राहायचो. हीटिंगच्या जाळीतून वरचा शब्द न् शब्द खाली यायचा. "आज भाजी जरा तिखट झाली, नाही?" असं म्हणून त्या थांबत. समोरच्यानं उत्तर द्यावं इतका वेळ थांबत, आणि मग हसत. सांगायला लाज वाटते, पण ते उत्तर ऐकू येतंय का म्हणून पहिल्या आठवड्यात मी कितीदा तरी श्वास रोखून जाळीखाली उभा राहिलो.

मावशी वसईच्या, चर्चला 'देऊळ' म्हणणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा रेमंड दूर सस्काटूनला इंजिनिअर. मी पुण्याचा, देवाशी फक्त परीक्षेपुरता संबंध ठेवणारा सॉफ्टवेअरवाला. शेवटी धीर करून विचारलं, "मावशी, तुम्ही कुणाशी बोलता?"

"येशूशी," त्या म्हणाल्या. शेजारचे जोशी म्हणावं इतक्या सहज. "होता नाही, येईल नाही. आहे. आत्ता आहे. मग आत्ताच बोलायला नको?"

टेबलाशी दोनच खुर्च्या होत्या. मी दुसरी ओढायला गेलो तर घाईनं म्हणाल्या, "ती नको रे पोरा, तू माझ्या खुर्चीत बस." त्या दिवशीचा चहा त्यांनी उभ्यानंच घेतला.

त्यांच्या घरात कॅलेंडर नव्हतं. "मावशी, ड्राइव्हवेवरचा बर्फ उद्या शोव्हल करतो," म्हटलं की त्या विचारत, "उद्या कुणी दाखवलाय तुला? आम्हाला प्रार्थनेत भाकरसुद्धा आजचीच मागायला शिकवलीय." माझा सगळा कारभार नेमका उलटा. इथं कायम राहायचं पीआर झालं की निवांत होऊ, कॉन्डो घेतला की आईला बोलावू, मग जगू. चिडवायला म्हणून मी त्यांना आत्तामावशी म्हणू लागलो. त्यांना ते नाव इतकं आवडलं की रविवारी देवळात जाऊन फादरांनाही सांगून आल्या.

एकदा माझा मोठा इंटरव्ह्यू फसला. संध्याकाळी वर गेलो तर मावशींनी काही न विचारता पुढ्यात चहा ठेवला. "तो म्हणाला, खालचा पोरगा रडतोय." जाळीतून ऐकलं असणार, अशी मी मनाची समजूत घातली. पण जिना उतरताना आठवलं की रडताना मी आवाज केलाच नव्हता.

मग त्या जानेवारीतला शनिवार. सकाळी बाहेर उणे वीस. आतल्या जिन्यानं वर आलो तर पुढचं दार सताड उघडं आणि बर्फाचा भुगा पार आतपर्यंत. मावशी टेबलाशी बसलेल्या, चेहरा प्रसन्न. "त्याला काय बाहेर उभं करायचं?" म्हणाल्या. मी दार लावलं, वळलो, आणि मला दिसलं. दारापासून त्या रिकाम्या खुर्चीपर्यंत ओल्या पावलांची एक ओळ होती. अनवाणी पावलांची. मावशींच्या पायात लोकरीचे मोजे होते आणि ते कोरडे ठणठणीत होते. पावलं आत येणारी होती. परत जाणारी नव्हती.

त्याच दुपारी मी रेमंडला फोन केला. काळजीपोटी केला असं पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

"ममी कशी आहे? बी ऑनेस्ट, ओके?" तो म्हणाला.

"एकट्याच बोलतात. आज उणे वीसमध्ये दार उघडं टाकून बसल्या होत्या."

"ओ माय गॉड. शी कान्ट लिव्ह अलोन."

पावलांचं मी गिळून टाकलं. सांगितलं असतं तर वेडे आम्ही दोघं ठरलो असतो. आता एकट्या मावशी ठरल्या. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की वरचं बोलणं थांबलंय. दिवसाउजेडी त्या घरात इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती.

रेमंड आला, घर विकायला काढलं. सस्काटूनला वृद्धांच्या एका होममध्ये खोली मिळाली. पंचवीस वर्षांचं देऊळ, स्वयंपाकघर, शेजार, सगळं माझ्या अर्ध्या वाक्यापायी सुटत होतं, आणि मावशी तक्रारीचा एक शब्द बोलत नव्हत्या. हे मला फार जड जात होतं.

निघायच्या दिवशी रेमंड गाडीत बॅगा भरत होता. मी मावशींच्या जवळ गेलो. "मावशी, रेमंडला मीच सांगितलं. आणि सगळं नाही सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत माया तीच होती, पण ओळख होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. "कधी?" त्यांनी विचारलं.

"मागच्या महिन्यात."

"मागचा महिना माझ्याकडे नाही रे पोरा," त्या म्हणाल्या आणि माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा विलक्षण गरम होता. "आत्ता काय हवंय तुला, ते सांग."

मला माफी हवी होती. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात रेमंडनं डिकी आपटली, माझी जीभ अडखळली आणि मी म्हणालो, "काही नाही मावशी."

त्या थांबल्या. उत्तर यावं इतका वेळ थांबल्या. मग गाडीत बसल्या.

सस्काटूनला फोन करून निवांत बोलू, असं मी ठरवलं. या शनिवारी नाही तर पुढच्या. पाच महिन्यांनी रेमंडचाच फोन आला, मावशी गेल्याचा.