माझ्या नावावरचा फ्रीज

लेकीच्या लग्नात मी एकच चूक केली. भाषण केलं.

मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. रुखवत मांडलं होतं, लाडवांचे डोंगर रचले होते, आणि मधोमध दोन दरवाज्यांचा फ्रीज हळदीकुंकू लावून उभा होता, नवरदेवापेक्षा उंच. सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला समोर गर्दी आणि जवळपास माइक दिसला की तोंड आपोआप उघडतं. वाढीव वॉरंटीची पुस्तिका झेंड्यासारखी उंच धरून मी व्याह्यांना जाहीर सांगितलं, "एक वर्ष कंपनीचं, वरची चार माझी! पाच वर्षांत याला काही झालं तर इवाई, फक्त फोन करा. हातातलं काम टाकून वालूरला तुमच्या दारात हजर होईन."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात व्याह्यांनी घरातला जुना, गंजका पण इमानदार फ्रीज बहिणीला देऊन टाकला.

चौदाव्या महिन्यात, ऐन एप्रिलात, माझा फ्रीज थंड करायचं विसरला. दिवा लागायचा, घरघर चालायची, गारवा तेवढा नाही. लेक आता दूध ठेवायला दोन घरं सोडून तिसऱ्या घरी जात होती. सासरचे काय म्हणतात, असं मी फोनवर विचारलं. ती हळूच म्हणाली, "पप्पा, कुणी काहीच बोलंना. त्याचीच भीती वाटायलीय."

त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली. फ्रीज गेला तर गेला, पण बापाची बढाई लेकीच्या डोक्यावर फुटत होती.

तक्रार करायला गेलो तेव्हा कळलं की फ्रीज वालूरला आहे, पण कागदावर तो परभणीत माझ्याच घरी आहे. बिल माझ्या नावावर, वॉरंटी माझ्या नावावर, मोबाईल नंबर माझा. वॉरंटी दुसऱ्याच्या नावावर करायची तर पहिल्या महिन्यात अर्ज द्यायचा होता. पहिल्या महिन्यात मी टाळ्या आठवत बसलो होतो.

मेकॅनिक वालूरला गेला. त्यानं तिथून मला फोन करून सांगितलं की पार्ट मागवावा लागेल, तुम्हाला एक ओटीपी आलाय तेवढा सांगा. मी आनंदानं सांगितला. दुपारी मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा तोच फोन, तीच गोड भाषा, पुन्हा मी ओटीपी दिला, पुन्हा तारे. फितुरांनी किल्ल्याचे दरवाजे आतून कसे उघडले, हे मी दर वर्षी सातवीला रंगवून सांगतो. इथं मी दोनदा दरवाजा उघडून शत्रूला रस्ताही दाखवला होता.

तिसऱ्या खेपेला मी ओटीपी खिशात घेऊन स्वतःच वालूरला जाऊन बसलो. कंपनीनं वेळ दिली होती सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे आठ तासांचा पिंजराच. निघण्याआधी मी एका जुन्या, आता वकील झालेल्या विद्यार्थ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, तोंडी नकार घेऊन उठू नका. लिहून घ्या. ग्राहक आयोगात कागद बोलतो."

आता दुसरा पिंजरा ऐका. माझ्या आईनं मरण्याआधी माझ्याकडून वचन घेतलं होतं की लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. जुनी रीत आहे, आता फारसं कुणी पाळत नाही. पण मेलेल्या आईला दिलेला शब्द परत करायला खिडकी नसते. म्हणून मी घरून दोन बाटल्या नेल्या होत्या. बाराच्या आत एक संपली आणि दुसरीतल्या पाण्यात चहा झाला असता.

व्याही माणूस लाखात एक. त्यांनी आधी ताक आणलं, मग पन्हं, मग टरबुजाच्या फोडी. प्रत्येक गोष्ट माझ्या नाकापर्यंत येऊन, नमस्कार घेऊन परत गेली. पंखा गरम वारा ढकलत होता. उठून झाडाखाली जावं तर तेवढ्यात मेकॅनिक येऊन 'ग्राहक घरी नाही' असा शेरा मारून जाईल ही धास्ती. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकदा माझ्याकडे आणि एकदा सासूकडे बघत होती.

विहीणबाई मात्र शांत. त्यांनी मला फ्रीज उघडून दाखवला. आत कुरडया, पापडाचे डबे आणि एका कप्प्यात सगळ्यांची आधारकार्डं.

"बंद पडला तरी कामाचा हाय," त्या म्हणाल्या. "उंदीर शिरत न्हाईत."

मी इकडेतिकडे बघितलं. लपायला जागा नव्हती. फ्रीजही भरलेला होता.

साडेतीनला मेकॅनिक आला. डोक्याला टॉवेल बांधलेला, चाळिशीचा, घामानं निथळणारा. पाच मिनिटांत त्यानं निकाल दिला. गॅस गेलाय, आणि वाढीव वॉरंटीत गॅस बसत नाही. ओटीपी सांगा, मी निघतो.

मी खुर्चीतून उठलो, चष्मा लावला आणि पुस्तिकेचं अकरावं पान वर्गात वाचतो तसं वाचून दाखवलं. गॅस भरणे समाविष्ट नाही, हे मोठ्या अक्षरात होतं. त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात होतं की, समाविष्ट भागाच्या दुरुस्तीसाठी गॅस भरावा लागल्यास तो समाविष्ट आहे. मग मी विचारलं की गॅस गेला तर कुठून गेला? तो काय नवस फेडायला गेला?

तो म्हणाला, ते शोधायला वेळ लागतो. मी म्हणालो, "माझ्याकडं सहापर्यंत वेळ हाय. न्हाईतर वॉरंटीत बसत न्हाई असं लिहून सही करा. मग ओटीपी."

त्यानं कागदाकडे पाहिलं, पेनकडे पाहिलं आणि खाली बसला. सही केली तर त्याचा साहेब धरणार, ओटीपीशिवाय गेला तर फेरी फुकट. आता घरात दोन कैदी होते. फरक एवढाच की त्याला कसली रीत नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत तो माझ्या वाट्याचं पन्हं प्यायला, वर ताक प्यायला, आणि तोंड पुसून साहेबाला फोन लावायला बाहेर गेला.

बाहेर बराच वेळ कुजबुज चालली. मग तो आत आला आणि त्यानं फ्रीज भिंतीपासून ओढला. मागच्या नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावला. फेसाला बुडबुडे आले, म्हणजे गळती नळीची, आणि नळी वॉरंटीत बसत होती. सेलूहून त्याचा जोडीदार सिलिंडर घेऊन येईपर्यंत पाच वाजले. जोड डागला, गॅस भरला. मी फ्रीजरच्या आतल्या भिंतीला हात लावून उभा राहिलो, आणि तिथं गारवा लागल्यावरच ओटीपीचे सहा आकडे एकेक करून, ठासून सांगितले. तारे मात्र दिले नाहीत.

दिवेलागणीला विहीणबाई फ्रीजमधल्या पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझी जीभ टाळूला चिकटली होती. तरी मी हात जोडले.

"वारंटी कुणाच्या नावावर हाय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

"बिल?"

"माझंच."

"आन् त्यो ओटीपी?"

"मलाच येतो."

"मग फ्रीज तुमचा. आमी नुसता ठिवून घेतलाय. सोताच्या फ्रीजचं पाणी प्यायला कसला दोष?"

सत्तावीस वर्षांत मी कुणाच्याही उत्तराला असे पूर्ण गुण दिले नव्हते. आईनंही वरून मान डोलावली असेल. पाणी धड गार नव्हतं, धड कोमटही नव्हतं. मी अख्खा तांब्या रिकामा केला. दारात लेक हसत सुटली होती, सासूच्या खांद्यावर हात ठेवून.

शेवटची बस निघून गेली होती. आतून भाकरीचा वास येऊ लागला तेव्हा विहीणबाई जाता जाता म्हणाल्या, "जेवायचं तेवढं तुमचं तुमी बघा, इवाई. ज्वारी आमच्या नावावर हाय."