आठ वाजताची भाकरी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. भाऊजी एवढंच म्हणाले, "गेली." मी गॅस बंद केला... आज महिना झाला.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई, माहेर सटाण्याचं. नव्वदच्या दशकातली सगळी वर्षं आम्ही सिडकोतल्या घरात एकत्र काढली. ओझरच्या कारखान्यात जाणाऱ्या भाऊजींचा डबा, मुलांच्या शाळा, सासूबाईंचं पथ्य, हे सगळं उरकून वहिनी दुपारी दोनला पहिला घास घ्यायच्या, तोही उरल्यासुरल्या पोळीचा. सकाळी आग्रह केला की म्हणायच्या, "माले भूक नही वं." तरी अंग वाढतच होतं. नातेवाईक हसायचे, आणि वहिनी आणखी कमी खायच्या.

मीच एका मासिकात वाचलं, की सतत उपाशी राहिलं तर शरीर काटकसरीनं वागतं. वेळेवर खाल्लं की चयापचय वाढतो. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांना बसवलं, तव्यावरची बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ वाढली. सासूबाईंच्या आधी खायचं म्हणून वहिनींचा घास हातातच राहिला.

"कोणी पाहील गं."

"पाहू द्या."

रात्रीचं जेवणही सातला आणलं. काही महिन्यांत वजन उतरू लागलं. शेजारणी गुपित विचारायच्या, मी तोऱ्यात मासिकाचं पान दाखवायचे. एकदा वहिनी म्हणाल्या, "मंगल, हल्ली घास नको वाटतो." मी म्हटलं, "वेळ चुकवू नका, लागलेली सवय मोडेल." त्या निमूटपणे खात राहिल्या...

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" मी महिने मोजून सांगितले. पोटात गाठ होती. "खाण्यामुळे नाही झालं हे," ते म्हणाले. "मग वजन उतरायला लागलं तेव्हाच आणलं असतं, तर आधी कळलं असतं का?" मी विचारलं. ते कागद चाळत राहिले.

दवाखान्यात मी वहिनींना म्हटलं, "माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? लग्नानंतर गरम भाकरी मला दुसऱ्या कोणी वाढली होती?"



परवा भाऊजींनी त्यांची ब्लाउजं माझ्याकडे दिली. मी ती उलटी करून पाहिली. प्रत्येकात एकीच्या आत एक अशा तीन-चार टिपा, दर थोड्या दिवसांनी हौसेनं आत घेतलेल्या. सगळ्यात आतली, शेवटची टीप माझ्या हातची आहे. मीच मशीनवर मारून दिली होती, हसत हसत.