सोमवारचं पापलेट

माझा चुलता कुशाबा परळच्या एका बेकरीत भट्टीवर होता. साताऱ्याकडून मुंबईत आला तो गिरणीत विणकर व्हायला. पण तिथे तुटलेलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आमच्या तोंडाचा विटाळ बाकीच्यांना होई, म्हणून त्या खात्यात आम्हाला मज्जाव. बरंच झालं म्हणायचं. गिरणीला एक विणकर कमी पडला आणि परळला चांगला केकवाला मिळाला.

छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तो पकडला गेला. बरोबर आमच्या पुढच्या चाळीतला राजाराम होता, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, मूळचा मालवणकडचा. दोघं एकाच कोठडीत. राजारामनं तिथे कुशाबाच्या पंच्यातले चणे खाल्ले, त्याला मिठी मारली, "आता आपण सगळे एक" म्हणाला. कोठडीत जात नसते हो. ती चाळीच्या जिन्यावर वाट बघत बसलेली असते.

कुशाबाला मात्र ते खरं वाटलं. भोळा माणूस! त्याच वर्षी आम्ही धम्म घेतला, घरातले देव बाहेर काढले. पण देवापेक्षा राजारामच्या मिठीवर त्याचा विश्वास जास्त बसला. पुढच्या चाळीनं एकदा, फक्त एकदा, उघड्यावर आपल्या हातचं खावं, एवढीच त्याची हौस.

राजारामची शैला सात वर्षांची होणार होती. राजारामनं आपल्या पारशी साहेबाच्या घरी केक कापताना पाहिलेला, तेव्हा आपल्या लेकीचाही वाढदिवस झोकात व्हायला हवा. शैला बेकरीच्या दारात येऊन म्हणाली, "काका, माझा केक तळलेल्या पापलेटासारखा कर." पोरीचा जीव पापलेटावर आणि कुशाबाचा जीव पोरीवर. राजाराम हसून म्हणाला, "कर की रे. तू घरचाच."

कुशाबानं काय पापलेट केलं म्हणता! केक कापून पर आणि शेपटी घडवली. पोटावर चिरा देऊन त्यात लाल जाम भरला, हुबेहूब मसाला दिसावा असा. रवा खरपूस भाजून पिठीसाखरेत घोळवला आणि वरून थापला. डोळ्याला मनुका. मी पाहिलं तेव्हा खरंच तोंडाला पाणी सुटलं.

संध्याकाळी तो धुतलेला सदरा घालून परात घेऊन गेला. बायका गोळा झाल्या, कौतुक झालं. मग राजारामची बायको बकुळा कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे कुशाबा, आज सोमवार आसा मरे! सोमवारी घरात मासो कापतत?"

देव गेले तसे आमचे वारही गेले होते. कुशाबानं जीभ चावली. "चुकलं वयनी. ध्यानातच न्हाई आलं."

केक परत आला आणि आम्ही पोरांनी फस्त केला. रमाकाकू म्हणाली, "अहो, साखरेचा मासा त्यो. त्याला कसला सोमवार?" कुशाबा तिच्यावरच खेकसला, "त्यांचा वार हाय, पाळायला नको?" आणि बुधवारी त्यानं तसंच दुसरं पापलेट केलं, पहिल्यापेक्षा मोठं. या वेळी मीही मागोमाग गेले.

व्हरांड्यात सगळे उभे. परात कुशाबाच्या हातात. ती घ्यायला कुणी हात पुढे करीना. बकुळा पदर चाळवत म्हणाली, "वाढदिवस झालो मरे आता. आज नको."

शैला मध्येच बोलली, "आये, आज तर बुधवार ना? दुपारी बांगडे नाय खाल्ले आपण?"

बकुळानं तिच्या फाडकन थोबाडीत दिली. तो आवाज कुशाबाला एकदाचा कळला.

"वयनी," तो हळू म्हणाला, "रोज सकाळी पाव खाता. त्याचा मैदा कोन मळतो?"

"तो दुकानातसून येता," बकुळा म्हणाली. "ह्यो तुझ्या हातातसून इलो."

राजारामनं विडी पेटवली. "बायकांचं असतंच रे असं. मनाला लावून घेऊ नको."

कुशाबा तिथेच, त्यांच्या उंबऱ्यासमोर, मांडी घालून बसला. परात पुढ्यात घेतली, पापलेटाचं डोकं मोडलं आणि खाल्लं. मग पोट. मग पर. गालातून जाम ओघळत होता, घशाखाली घास उतरत नव्हते, तरी तो कोंबत राहिला. घरात जायची कुणाची छाती होईना. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला होता की रडूही येईना.

शेवटी शेपटी उरली. शैला आईचा हात झटकून पुढे आली. गालावर बोटं उमटली होती. तिनं ओंजळ धरली. "काका, मला."

कुशाबानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि शेपटी आपल्याच तोंडात घातली.