बेणं म्हणा, हळद न्हाई

सरकारी फॉर्मातले रकाने खरं लिहिण्यासाठी असतात, अशी श्रद्धा बाळगणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि दुर्दैवानं तो माझा मामेसासरा आहे. दुर्दैवानं अशासाठी, की त्यांचे फॉर्म मला भरावे लागतात. मी हिंगोलीत मास्तर, घरात लॅपटॉप आणि बायकोचा मामांवर भलता जीव, एवढी पात्रता त्यांना पुरेशी वाटली. जन्मतारखेपाशी आलो की ते विचारतात, "शाळंतली लिवायची का खरी?" ओळखीच्या खुणेसाठी एकदा त्यांनी सदरा वर करून पाठीवरचा बैलाच्या शिंगाचा व्रण दाखवला आणि तो मला टेपनं मोजायला लावला. मी अंदाजे लिहितो म्हणालो, तर म्हणाले, "बराबर लिवा जावईबापू. उद्या कोनी मोजला तं?"

वसमतजवळच्या त्यांच्या गावात झाडून सगळे हळद लावतात. पण मामांच्या खोलीतल्या कोपऱ्यात पाल्याखाली झाकलेल्या ढिगाला कोणी हळद म्हटलं की ते हातातला चहा खाली ठेवतात. "हळद बाजारात भेटते. हे बेणं हाय. बेणं म्हणा, हळद न्हाई." बेणं म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखून ठेवलेले गड्डे. मामांचं बेणं मामींनी लग्नानंतर माहेराहून आणलेलं, आणि दर साली एकेक गड्डा हातात घेऊन निवडलेलं. आमच्याकडे बेरकी माणसालाही बेणं म्हणतात, त्यामुळे माझी बायको म्हणते, "मामांच्या घरात खरं बेणं एकच, आणि ते चहा पितंय." मामा यावर खूश होतात.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. त्यांची एकुलती लेक नलू तेव्हा केनियात होती. तिचा नवरा तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आठ दिवस राहिली, काही न मागता परत गेली आणि तिकडून फोन केला, "अण्णा, आईच्या बेन्यातले चार गड्डे धाडा. क्वार्टरच्या मागं जागा हाय." त्या दिवसापासून मामांना दुसरं काही सुचेना, आणि पर्यायानं मलाही.

खायची हळद परदेशी पाठवायला कोणाची हरकत नसते. पण लावायचं बेणं म्हणजे निर्बंधित माल. त्याला वेगळा परवाना लागतो. वसमतच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं सोपा उपाय सांगितला, "मामा, मसाला म्हनून लिवून टाका. कोन पायतं?" मामा भडकले. "नली ते भाजीत टाकनार हाय का? मंग काहून खोटं लिवू? खोटं लिवून धाडलेल्या बेन्याला कोंब येत न्हाई." झालं. मामांनी रीतसर निर्यातदाराचा नंबर काढला. चार गड्ड्यांचे निर्यातदार! मग डिजिटल सही आली, पेनड्राइव्हएवढी. ती हरवू नये म्हणून मामांनी ती करदोड्याला, खोलीच्या किल्लीशेजारी बांधली. सही करायची वेळ आली की ते लॅपटॉपला अगदी चिकटून उभे राहत आणि मी दुसरीकडे बघत "झाली का?" असं विचारत असे.

मृगाच्या आत परवाना आला नाही, तर बेण्याला कोंब फुटतात आणि ते पाठवता येत नाही. पहिल्या साली तसंच झालं. मामांनी ते बेणं आपल्याच वावरात लावून टाकलं.

दुसऱ्या साली पुन्हा अर्ज. 'मालाचे वर्णन' या रकान्यात त्यांनी हट्टानं मला इंग्रजी अक्षरांत 'बेणे' लिहायला लावलं. महिन्याभरानं परवान्याच्या ऑफिसातून कोणा साहेबांचा फोन आला. मी तो मामांसाठी स्पीकरवर टाकला.

"ये बेने क्या चीज है? कोई केमिकल है क्या?"

"केमिकल कायका साब? हल्दी की माँ रहती ना, वो."

"हल्दी की माँ?"

"जी. उसको लेकरां होते. लेकरां बाजार में जाते. माँ घर में रहती, अगले साल के वास्ते."

मला वाटलं, अर्ज बुडाला. मग साहेब हसले. "समझ गया, चाचा."

तपासणीत बेण्याला मातीचा कण चालत नाही असं कळल्यावर मामांनी नवा दातांचा ब्रश आणला आणि दोन दिवस बसून एकेक गड्डा घासला. स्वतःचे दात त्या काळात राखुंडीवर भागवले. नलूनंही तिकडची परवानगी काढून धाडली. आणि मृगाला दहा-बारा दिवस असताना आमचा परवाना आला. मालाच्या वर्णनात इंग्रजीत छापलं होतं, हळदीचा मातृकंद. मी अर्थ सांगितला.

"म्हंजे आईच लिवलं व्हय?"

"हो मामा."

"बराबर मानूस हाय सायब," म्हणाले, आणि कागद उगाच खूप वेळ पुसत बसले.

परवा आम्ही त्यांच्याकडे होतो तेव्हा नलूचा व्हिडिओ कॉल आला. क्वार्टरमागच्या तांबड्या मातीत चार हिरवी पानं उभी होती. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. परवान्याची मुदत कधीच संपलीय, तरी सही अजून करदोड्यालाच आहे. खरं सांगायचं तर, मामी गेल्यावर हा माणूस सकाळी उठून बाहेर पडायचा तो या कागदांसाठीच. आता कशासाठी पडेल, याची मला काळजी वाटत होती. तेवढ्यात मामा मोबाइलच्या अगदी जवळ गेले.

"नले, पानी बेतानं दे. दुपारच्याला सावली धर. लई ऊन तिला सोसत न्हाई."

बेण्याला ते जन्मभर 'त्याला' म्हणत आले होते. मास्तर असूनही ती चूक मी काढली नाही.