झाडून ठेवलेली जागा

साक्रीत किराणा विकणारा साठीचा हस्तीमलशेठ ताडपत्री न् दोरी घेऊन जंगलात झोपायला जातो, हे कळलं तेव्हा बाजारपेठ पोट धरून हसली. हसायला काय जातं लोकांचं!

त्याची बायको धनकुंवर गेली. तिसऱ्या दिवशी उठावण्याची शोकबैठक झाली, दुकान उघडलं. रडू नका, रडण्यानं कर्म बांधलं जातं, असं घरातले सगळे समजावत. दुकानात गिऱ्हाईक, घरात सुना-नातवंडं, जैन स्थानकात प्रवचनाला महाराजसाहेब. उभ्या संसाराचं रडू घेऊन माणसानं जायचं तरी कुठे?

म्हणून जंगल. दोरीच्या गाठी, गारगोटीची ठिणगी, सगळं तो मोबाइलवर बघून शिकला. परवानगी मागितली नाही, कारण मागितली की कशासाठी ते सांगावं लागतं. पहिल्या जागेवरून एका शेतकऱ्यानं विहिरीवरची मोटार चोरणारा समजून हाकललं. दुसरीकडे वनरक्षकानं दमात घेतलं. तिसरी जागा डोंगराच्या कुशीत मिळाली. तिथे तो पोटभर रडला, आणि पुन्हा पुन्हा जात राहिला.

पण जैन माणूस तो. ताडपत्री अंथरण्याआधी लोकरीच्या पुंजणीनं मुंग्या-किडे हळूच बाजूला सारायचा. दिवस मावळायच्या आत पाणी उकळून चुलीचे तीन दगड पुसून ओळीनं ठेवायचा. निघताना पुन्हा झाडायचा. चोरून राहणाऱ्यानं माग ठेवू नये, एवढंच त्याला ठाऊक. जंगलात झाडलेली जागाच आधी डोळ्यात भरते, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

दिवाळीनंतर गेला, तर दगडांना शेंदूर, समोर नारळ आणि बायाबापड्यांची रांग. सरपणाला येणाऱ्या भिकुबाईला ती जागा आधी दिसली होती. पूजाही तीच करत होती.

"बाई, मी आठे झोपस," हस्तीमल दगडांशेजारच्या जमिनीकडे बोट दाखवत कसाबसा म्हणाला.

"आठे? देवनी जागा शे भाऊ. कोन झाडी जास, कोनले दखास नही. बस, तुले काय मांगनं शे ते मांगी ले."

खरं सांगितलं असतं तर वनखात्याचा गुन्हा, वर देव बाटवल्याचा बोभाटा. तो खाली बसला. मागायला तोंड उघडलं आणि सगळ्यांसमोर हंबरडाच फुटला. का रडतोस, असं कोणी विचारलं नाही. देवापुढे रडणाऱ्याला कोण विचारतं? बिचाऱ्याला वाटलं, आता रडणं थांबवायला नको.

भिकुबाईनं त्याच्या खांद्याला हात लावला.

"उठ भाऊ आते. मांगे लोकं उभा शेतस."