कुंकू पुसायचं काम

‘बाप्तिस्मा घेणाऱ्या बाईचं कुंकू आधी पुसायचं, मंगळसूत्र काढून ठेवायचं. का, ते विचारायचं नाही.’

वाशीतल्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत मला प्रचाराच्या कामावर घेतलं, त्या दिवशी शांतवनकाकांनी हा नियम सांगितला. चर्चचा कारभार ज्यांच्या हातात असतो त्या वडीलमंडळाचे ते प्रमुख. मी नुकतीच बी.ए. झालेली. ‘विचारायचं नाही’ म्हटलं की माझी जीभ आधी वळवळते!

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. दर रविवारी दुपारी आम्ही बसने घणसोली गावात जायचो. तिथले किस्से कुणी मुद्दाम आठवायला सांगितले तर एकही आठवत नाही. पण बोलता बोलता एक निघाला, की त्याच्यामागे बाकीचे रांग लावून उभे!

*

पहिल्याच रविवारी आम्ही मार खाता खाता वाचलो.

तेव्हा नवं शहर वसत होतं आणि गावांच्या जमिनी जात होत्या. पायात बूट आणि काखेत पिशवी दिसली, की गावाला तो मोजणीवालाच वाटायचा. आम्ही देवळामागच्या वडापाशी पोचलो आणि पाच मिनिटांत वीस-पंचवीस माणसं भोवती जमली. दोघांच्या हातात कोयते.

“तुमी मोजनीवाले हाव काय?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“छे छे! आम्ही देवाच्या कामासाठी आलोय,” काका म्हणाले, आणि ते पटावं म्हणून त्यांनी पिशवीतून कापडी गुंडाळी काढून सर्रकन उलगडली.

बायबलमधल्या पौलाच्या प्रवासांचा नकाशा!

गर्दी एकदम पुढे सरकली. आमच्याबरोबर आलेल्या धर्मगुरूंचा, पाळकसाहेबांचा, चेहरा पांढराफटक. म्हाताऱ्याने नकाशाला नाक लावून विचारलं, “ह्याच्यात आमचं गाव कुठं हाय?”

“यात घणसोली नाहीच हो!” काका घाईघाईने म्हणाले.

म्हातारा गावाकडे वळून ओरडला, “बघा! नकाशातून काढलीसुदा!”

*

त्या दिवशी आम्हांला सोडवलं ते गावातल्याच हिरावहिनीने. ती गर्दीतून वाट काढत आली, नकाशा गुंडाळून काकांच्या काखेत कोंबला आणि म्हणाली, “मोजनीवाले असं घाबरत नायत. बसा, पानी प्या.”

पुढे ती माझ्या वाचनाच्या वर्गाला यायला लागली. चार महिन्यांत शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, वाचू लागली आणि तिला प्रश्न पडू लागले. पण उत्तरं द्यायची मला परवानगी नव्हती! बायकांनी गावात गाणी म्हणायची, अक्षरं शिकवायची. देवाबद्दलचा प्रश्न आला की तो मी काकांना सांगायचा, काकांनी पाळकसाहेबांना, आणि उत्तर त्याच वाटेने पुढच्या रविवारी परत.

“सरकारी कचेरीच हाय की,” हिरावहिनी म्हणाली.

एकदा तिने विचारलं, “येशूनं कवा बायकांना ‘गप बसा’ म्हटलंय काय?”

प्रश्न वर गेला. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी उत्तर आलं, “प्रश्न चांगला आहे.”

“तो चांगला हाय ते मला म्हाईत हाय. म्हनून तर इचारला!”

*

मग एक दिवस तिने जाहीर केलं, “मला बाप्तिस्मा पायजे.”

मी विचारलं, का? ती म्हणाली, “घरात मी नारायनची बायको, नायतर पोरांची आय. तुमच्याकडं मी हिरा.”

वडीलमंडळ खूश. आमच्या मंडळीला गावातून मिळणारी ही पहिलीच व्यक्ती. काकांनी तिला नियम सांगितला. तिने गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं. मग म्हणाली, “मला येशू पन पायजे नि ह्यांचा जीव पन पायजे.”

“पुढच्या महिन्यात तारीख धरू,” काका म्हणाले. तिचं वाक्य जणू त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही!

*

त्याच महिन्यात आमच्याकडे एक गोरे पाहुणे आले. आफ्रिकेत नायजर नदीच्या काठी सोंघाई लोकांच्या एका खेड्यात त्यांनी बरीच वर्षं सेवा केली होती. हॉलमध्ये पडदा लावला. पाहुणे इंग्रजीत बोलणार, पाळकसाहेब मराठीत सांगणार. मी मुद्दाम हिरावहिनीला घेऊन आले.

पडद्यावर नदी आली, होड्या आल्या, मातीची घरं आली. घणसोलीच्या खाडीवरच्यासारखी वाळत घातलेली जाळी दिसली तशी हिरावहिनी उठून उभीच राहिली. “अगो बाय, ही तर आमचीच मानसं!”

मग एक सोंघाई बाई आली. केसांत मणी, कानांत मोठाली कडी. पाहुणे म्हणाले, या बाईने नुकताच बाप्तिस्मा घेतलाय.

हिरावहिनीने अंधारातून खणखणीत आवाजात विचारलं, “हिच्या कानातलं काढाय लावलं काय?”

पाळकसाहेब थांबले. मीच प्रश्न इंग्रजीत सांगून टाकला. पाहुणे गोंधळून म्हणाले, “नो! नो! व्हाय?”

पाळकसाहेबांनी दिवे लावले आणि भाषांतर केलं, “पाहुणे म्हणतात, आता चहा घेऊ या.”

*

दुसऱ्याच दिवशी मी वडीलमंडळापुढे जाऊन बसले.

“काका, काकूंच्या गळ्यात काय आहे?”

“मंगळसूत्र.”

“मग?”

“त्याला क्रूस आहे!”

“वाशीत सोनार आहे. हिरावहिनीच्या मंगळसूत्राला संध्याकाळपर्यंत क्रूस लागेल.”

“आणि कुंकवाचं काय? तिथे पण क्रूस काढणार?” मंडळातले एक जण हसले. बाकीचेही हसले.

काका हसले नाहीत. “सुलू, तुझ्या जन्माआधीपासून हे असं चालत आलंय. बी.ए. झालीस म्हणजे शास्त्र शिकलीस असं नाही. आणि ती तुझं ऐकते, म्हणून कुंकू तूच पुसायचंस. विषय संपला.”

*

बाप्तिस्म्याच्या आधीच्या रविवारी बसच्या थांब्यावर हिरावहिनीचा नवरा भेटला. नारायणदादा. केमिकल कंपनीत कामाला, बोलायला एकदम कमी. त्या दिवशी मात्र थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“ती वाचते, गानी म्हनते, मला काय वाईट वाटत नाय. उलट रयवारी घरात भांडन होत नाय.”

मी हसले. तो हसला नाही.

“पन आमच्यात कुंकू कवा पुसतात म्हाईत हाय का, बाय? माझ्या बापाला नेला, तवा आयचं पुसलेलं मी बगितलंय. मी जिता हाय. तुमच्यातला कोन पुसतो, तेच बघाय येनार हाय मी.”

बस आली. तो तिथेच उभा होता.

*

बाप्तिस्म्याच्या दिवशी हॉल खचाखच भरलेला. हिरावहिनी नवं हिरवं लुगडं नेसून पुढे गुडघ्यांवर बसलेली. मंगळसूत्र तिने स्वतःच काढून पदराच्या गाठीत बांधलं होतं. कपाळावर कुंकू, नेहमीपेक्षा मोठं. दारात नारायणदादा, कंपनीचा निळा शर्ट घालून.

काकांनी ओला रुमाल माझ्या हातात दिला. “चल, आटप.”

पाळकसाहेबांना घाई. तिच्या डोक्यावर ओतायचं पाणी त्यांनी भांड्यातून ओंजळीत घेऊनसुद्धा ठेवलेलं.

मी हिरावहिनीकडे पाहिलं. तिने डोळे घट्ट मिटले होते. मी रुमाल परत काकांच्या हातात ठेवला.

“मी पुसणार नाही.”

“सुलू!”

“हिचा नवरा जिवंत आहे काका. तो बघा, दारात उभा आहे. ज्याला हे कुंकू पुसायचंय त्याने त्याच्याकडे बघत पुसावं.”

काकांनी दाराकडे पाहिलं. मग रुमाल वडीलमंडळातल्या शेजारच्या सभासदांकडे दिला. त्यांनी त्यांच्या शेजारच्यांकडे. चौथ्याने तो मांडीवर ठेवला आणि खाली मान घातली.



हिरावहिनीने एक डोळा उघडला.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “वता ना. पानी सांडून चाललंय.”

पाळकसाहेबांनी तिच्या कुंकवाकडे एकदा पाहिलं आणि ओंजळ तिच्या डोक्यावर रिकामी केली.